खटोला पुढे, सारथी घरी

“हे कुणाचं तरी कारस्थान आहे!” मेघनगरचे महाराज गरजले. “माझ्या सासूबाई परत आल्याच कशा?”

काल सकाळीच महाराजांनी, कोरडे डोळे पुसत, सासूबाईंना उडनखटोल्यात बसवून त्यांच्या गडावर धाडलं होतं. आणि संध्याकाळी तोच खटोला पुन्हा राजवाड्याच्या अंगणात! “आले बरं का जावईबापू!” म्हणत सासूबाई खाली उतरल्या होत्या.

सुभाना सारथ्याला पुढे ओढलं. “महाराज, कारस्थान कसलं! आज दुपारी माझ्या लेकीचं बारसं. राज्याचे बारा गड हातातल्या कड्यासारखे गोल मांडलेले. रोज एक गड, म्हणजे एकदा निघालो की बाराव्या दिवशी घर दिसतं. अर्ध्या वाटेत हात आपोआप मागे वळले!”

“खटोला मागे फिरवलास? घोर अपशकुन! सहा महिने तुझा पाय जमिनीला लागणार नाही!”

“मग बारसं बापाशिवाय करू का?” मागून आवाज आला. ती सुभानाची धाकटी बहीण भिवरा, माळीण. हातात झेंडूची टोपली. बाळाची आत्या ती, नाव तिनंच ठेवायचं. गेले अकरा दिवस ते नाव तिच्या ओठांवर नुसतं नाचत होतं! “दोष माझ्या भावाचा नाही, महाराज. रीतच वाकडी आहे!”

“असं? मग कर सरळ!” महाराज खवळले. “खटोला मागे फिरता कामा नये. नवा माणूस एकही मिळणार नाही. आणि तरी बाराही सारथी रोज रात्री आपापल्या घरी जेवले पाहिजेत! दुपारचा नगारा वाजायच्या आत सांग. नाहीतर भाऊ आभाळात!”

गणितशास्त्री खो खो हसले. “पोरी, बारा सारथी बारा गडांवरून सोडायच्या रीती सत्तेचाळीस कोटी नव्वद लाख एक हजार सहाशे! आम्ही गेली तीन वर्षं एकेक तपासतोय.”

“किती झाल्या?”

“एकेचाळीस.”

“शास्त्रीबुवा, हार करताना मी टोपलीतलं प्रत्येक फूल प्रत्येक फुलाशेजारी लावून बघत बसले, तर देव बिनहाराचाच राहील की हो!”

तिनं फरशीवर बारा झेंडू गोल मांडले. हे बारा गड, दर गडावर एका सारथ्याचं घर. सहा खटोले उजवीकडून फिरतात, सहा डावीकडून. ती फुलांकडे बघत राहिली. तिकडे नगारेवाल्यानं टिपऱ्या उचलल्या!

“दादा, दुपारी भाकरी कुठं खातोस?”

“दोन गडांच्या मधल्या टेकडीवर. समोरून येणारा खटोलाही तिथंच उतरतो. दोघं सारथी एकाच फडक्यावर जेवतो.”

भिवरानं टाळी वाजवली. “मग जेवून उठलास की चुकीच्या खटोल्यात बस!”

“काय?”

“अरे, समोरचा खटोला आपल्याच गावी येतोय ना? तू तो घेऊन घरी ये! तो तुझा घेऊन त्याच्या घरी जाईल. उद्या हाच आलेला खटोला तू पलीकडच्या टेकडीपर्यंत ने. पुन्हा भाकरी, पुन्हा अदलाबदल, पुन्हा घर! खटोले पुढेच जातात, माणसं तेवढी परततात!”

शास्त्रीबुवा भराभर बोटांवर मोजू लागले. “जमतंय! अरेच्चा, बाराच्या बारा जमतात! मग आम्हाला कसं दिसलं नाही?”

“तुमच्या सगळ्या रीतींत माणूस खटोल्याला बांधलेलाच होता!”

“बांधलेलाच असतो!” राजपुरोहित किंचाळले. “दसऱ्याला दोघांना एक दोरा बांधतो आम्ही! सारथी बदलला तर खटोला रुसतो!”

“कधी रुसला?”

“म्हणजे... कधी बदलूनच पाहिला नाही.”

भिवरा महाराजांकडे वळली. “महाराज, आपल्या पालखीचे भोई वाटेत बदलतात. पालखी थांबते?”

“छे!”

“मागे फिरते?”

“मुळीच नाही!”

“मग रुसते?”

महाराजांच्या मिशा थरथरल्या. आधी हूं, मग हीः, आणि मग असं गडगडाटी हसू फुटलं की मुकुट घरंगळत झेंडूंच्या कड्यात जाऊन पडला! “सोडा सुभानाला! बाळाला चांदीचा पाळणा! आणि आजपासून साऱ्या खटोल्यांची कारभारीण भिवरा! बरं, नाव काय ठेवणार गं?”

“ते आधी बाळाच्या कानात, मग महाराजांच्या! आत्याचा मान आहे तो!”

महाराज पुन्हा हसले. नगारा दणदणला.

तेवढ्यात सासूबाई पुढे आल्या. “म्हणजे खटोला आता मागे कधीच फिरणार नाही, नुसता गोल जाणार? बरंच झालं बाई! मी बसते आजच. वाटेत कुठं उतरतच नाही. बाराव्या दिवशी इथंच येते, जावईबापू!”