पळसाच्या शेंड्यावरचा पहारेकरी

एका पळसबनात सातभाईंचा एक थवा राहत असे. बाळांनो, नाव सातभाई म्हणून मोजायला बसू नका; थव्यात कधी नऊ असत, कधी बारा. दिवसभर वाळकी पाने उलटायची, किडे टिपायचे आणि कलकलाट करायचा, एवढाच त्यांचा उद्योग. पण खाताना माना खाली, मग वरून झडप घालणाऱ्या शिकऱ्यावर लक्ष कोण ठेवणार? म्हणून तिघे तीन झाडांच्या शेंड्यांवर पहाऱ्याला बसत. एकटा ओरडला तर बाकीचे नुसते थबकत. दुसऱ्यानेही साद दिली, की मात्र सगळे दाट झुडपांच्या जाळीकडे धूम ठोकत.

पळसाच्या शेंड्यावर बसणाऱ्याच्या डोळ्याला एकदा बाभळीचा काटा लागला. तेव्हापासून त्याला उडते पानही शिकऱ्यासारखे दिसू लागले. तो ओरडे, उरलेले दोघे मात्र गप्प. असे वरचेवर होऊ लागले, तेव्हा थव्यातल्या आजीने त्याला खाली बोलावले. "बाळा, आता तू बोरीच्या झुडपात बस. बरा होईपर्यंत साद घालायची नाही," ती म्हणाली. "माझा डोळा ठणठणीत आहे," तो फणकारला. त्यावर कोणी वाद घातला नाही. दुसरा एक जण शेंड्यावर गेला आणि पाने उलटणे पुन्हा सुरू झाले.

हेच त्याला फार लागले. आपल्यावाचून कोणाचे काही अडले नाही! तसे त्याला कोणी वाळीत टाकले नव्हते. आजी चोचीतून अळी आणून देई, निजताना सगळे त्याला ओळीत मधोमध घेत. पण अळी गोड लागेना. बोरीच्या काट्यांतून तो पळसाच्या शेंड्याकडे बघत राही. तिथला वारा, पायाखाली हलणारी ती बारीक फांदी, खाली निर्धास्त चरणारी आपली माणसे... हो, माणसेच म्हणायचा तो त्यांना! त्या फांदीसाठी त्याचा जीव तीळतीळ तुटे. बिचाऱ्याला डोळ्याचे दुखणे परवडले असते, हे दुखणे परवडेना.

एके दुपारी पाळी बदलताना पळसाचा शेंडा क्षणभर रिकामा झाला. त्याला राहवले नाही. भुर्रकन तो वर जाऊन बसला. वारा अंगाला लागला आणि त्याला रडूच आले. तेवढ्यात ढगाची सावली सरकली, अन् तो जिवाच्या आकांताने ओरडला. शेजारच्या शेवरीच्या झाडावर त्याचा जुना सोबती पहाऱ्याला होता. इतक्या दिवसांनी तो आवाज ऐकून त्याचे मन भरून आले आणि वर न बघताच त्यानेही साद दिली. झाले! दोघांची साद ऐकून सारा थवा जाळीत घुसला, आणि जाळीत दबा धरून बसले होते रानमांजर. आजीची शेपटी त्याच्या पंजात गेली. पिसे तिथेच सोडून ती कशीबशी निसटली.

पळसावरून तो खाली उतरला. "आजी, मला दिसत नाही. ठाऊक होते मला, पण जागा जाईल म्हणून बोललो नाही." आजी धापा टाकत होती. "डोळा बिघडला हा तुझा दोष नव्हे, बाळा. बिघाड लपवलास, तो दोष तुझा. आणि तू रे," ती सोबत्याकडे वळली, "माया करायची तर अळी नेऊन द्यायची. साद स्वतःच्या डोळ्यांनी बघूनच द्यायची."

पुढे डोळ्याची सूज ओसरली. तरी आजीने त्याला लगेच वर धाडले नाही. झुडपातून काय दिसते ते तो तिच्या कानाशी हळूच सांगे आणि वरचे तिघे साद देतात की नाही, त्याच्याशी आजी ते ताडून बघे. चूक होईना, तेव्हा एका सकाळी ती म्हणाली, "जा, तुझा पळस वाट बघतोय." ज्याची इतकी आस धरली, ती फांदी समोर होती, पण त्याचे पंख उचलेनात. "आजी, पुन्हा चुकलो तर?"

"तर पुन्हा खाली ये," आजी म्हणाली. "बोरीतली तुझी जागाही आम्ही मोडलेली नाही."

तात्पर्य : बिघडलेल्याला कामावरून बाजूला करावे, मनातून नव्हे, आणि आपण बिघडलो आहोत हे ज्याचे त्याने वेळेवर सांगावे.