टिकलीचा धागा

टिकली नावाची एक उंदरी. एवढीश्शी.
तिला आईचं गाणं येत होतं. पण अर्धंच.
"पानं मिटून निजली बाभळ…"
पुढे काय?
आई तर आता नव्हती. पुढचं फक्त मावशीला येत होतं. मावशी राहायची ओढ्यापलीकडे.

कोळीदादाचे धागे रानभर होते. धाग्याला कान लावला, की लांबचं ऐकू येई.
टिकलीने कान लावला.
सूंऽ सूंऽ.
मावशी बोलेना!

टिकली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.
"कोळीदादा, कोळीदादा, मावशी बोलेना."
"मोराचं गाणं ऐक. फुकट! राघूच्या दुकानाची हाक ऐक. फुकट! बाकीच्या धाग्यांच्या गाठी मी सोडून ठेवल्यात."
"का बरं?"
"मोराने मला पिसाचं छप्पर दिलंय. तो हो म्हणेल, तर जोडेन."

तुरुतुरु तुरुतुरु.
"मोरदादा, मोरदादा,
मावशी बोलेना,
कोळी धागा जोडेना."
"मग माझं गाणं कोण ऐकेल? राघू माझ्या गाण्यावर मान डोलवेल, तर हो म्हणेन."

तुरुतुरु तुरुतुरु.
"राघूअण्णा, राघूअण्णा,
मावशी बोलेना,
कोळी धागा जोडेना,
मोर हो म्हणेना."
"अगं, मी रोज ओरडतो, या या! पण दुकानात पेरूच नाहीत. पेरू येतील, तर मान डोलवेन."

तुरुतुरु तुरुतुरु.
"पेरूताई, पेरूताई,
मावशी बोलेना,
कोळी धागा जोडेना,
मोर हो म्हणेना,
राघू मान डोलवेना."
"फुलं आहेत गं. मधमाशी येईल, तर फळ धरेल."

तुरुतुरु तुरुतुरु.
"माशीताई, माशीताई,
मावशी बोलेना,
कोळी धागा जोडेना,
मोर हो म्हणेना,
राघू मान डोलवेना,
पेरूला फळ धरेना."
"पेरू फुललाय? कुठे गं? मी रोज धाग्याला कान लावते. सूंऽ सूंऽ!"

टिकली थांबली. मिशी हलली.
"तुझ्यापण धाग्याची गाठ सोडलीय? थांब, मीच सांगते! ओढ्याकाठी. मोठ्या दगडापाशी. पांढरी पांढरी फुलं!"

गुंईऽऽ! माशी उडाली.
टप् टप्! पेरूला फळ धरलं.
राघूने मान डोलवली.
मोर म्हणाला, "बरं बाई, हो."
"आणि माझं छप्पर?" कोळ्याने विचारलं.
"राहू दे तुलाच."
सर्र सर्र! कोळ्याने धागे जोडले. मोराचा जसा, तसाच मावशीचा. मुंगीचासुद्धा!

"मावशी, मावशी, पुढे काय?"
"कुठे होतीस गं सोन्या? ऐक.
पानं मिटून निजली बाभळ,
डोळे मिट बाळे, मी आहे जवळ."

टिकलीने एकदा म्हटलं. पुन्हा म्हटलं.
मग हळूच विचारलं, "मावशी, आई हे कुठे शिकली?"
"सरक धाग्याजवळ. सांगते."