कासवमामाचा गोटा

एका नदीच्या वळणावर एक खोल डोह होता आणि त्या डोहात एक म्हातारे कासव राहत असे. ते किती वर्षांचे होते हे त्याचे त्यालाही ठाऊक नव्हते. डोहाकाठची जांभळाची झाडे रोपटी होती तेव्हापासून ते तिथे होते, आणि आता त्या जांभळांची साल त्याच्या पाठीसारखी भेगाळली होती. स्वभावाने ते भले होते, बोलायला गोड होते. पण त्याला एक खोड होती. कुठलेही काम करायचे म्हटले की ते आधी चार दिवस विचार करी, मग चार जणांना विचारी आणि मग पुन्हा पहिल्यापासून विचार करायला बसे. कोणी टोकलेच तर म्हणे, "अति घाई संकटात नेई." हे वाक्य त्याला फार आवडे. घाईमुळे त्याच्यावर संकट कधी आलेले नव्हते, कारण त्याने घाईच कधी केली नव्हती.

डोहाचा काठ चढून गेले की वर एक खडकाळ माळ लागे. त्या माळावर एक टिटवी राही. टिटवीशी रानात कोणाचे फारसे पटत नसे. कोल्हा दिसला की ती ओरडे, साप दिसला की ओरडे, वाळके पान हलले तरी ओरडे. हिची आपली सदा बोंबाबोंब, असे म्हणून सगळे तिला टाळत. हरणे तर तिच्या ओरडण्यावर जीव वाचवीत आणि वर तिलाच नावे ठेवीत. कासवाला मात्र तिचा आवाज आवडे. रोज संध्याकाळी ती पाणी प्यायला डोहावर येई, मग दोघे एका सपाट खडकावर बसत. ती त्याला दादा म्हणे. बोलणे बहुतेक तिचे असे आणि ऐकणे कासवाचे.

त्या उन्हाळ्यात टिटवीने माळावर चार अंडी घातली. त्यांतली तीन मुंगसाने पळवली, एक राहिले. तेव्हापासून ती डोहावर आली तरी उभ्या उभ्या दोन घोट पिऊन परत जाई. एका संध्याकाळी कासवाने धीर करून तिला थांबवले आणि कित्येक वर्षे मनात असलेला एक प्रश्न विचारला. पक्षिणी पिलाला पंखाखाली घेतात, म्हणजे नेमके काय करतात?

मुलांनो, तुम्हाला हा प्रश्न वेडगळ वाटेल. पण कासवांची रीत निराळी आहे. कासवी वाळूत खड्डा करते, त्यात अंडी घालते, वरून वाळू लोटते आणि पाण्यात निघून जाते. पिले आपली आपण बाहेर येतात. या कासवाने आपली आई कधी पाहिलीच नव्हती. त्याने डोळे उघडले तेव्हा भोवती वाळू होती, वर घारी होत्या आणि पाणी कोणत्या बाजूला आहे हे सांगायला कोणी नव्हते. इतकी वर्षे लोटली तरी ते त्याच्या मनातून गेले नव्हते. आपल्याला कोणी जवळ घेतले नाही ते नाही. पण कोणीतरी आपल्या पिलाला जवळ घेतलेले एकदा डोळे भरून पाहावे, एवढीच त्याची इच्छा उरली होती.

टिटवी त्याला हसली नाही. ती म्हणाली, "दादा, सांगून नाही कळायचं ते. पिलू बाहेर आलं की तू ये, तुझ्यासमोर पंखाखाली घेईन. आणि बघ, आमच्याकडे दुसरं कुणी येणार नाही. त्याचा मामा म्हणून तूच यायचंस."

मामा हा शब्द आजवर कासवाला कोणी लावला नव्हता. तो शब्द घेऊन ते डोहाच्या तळाशी जाऊन बसले आणि दोन दिवस वर आले नाही.

मग एका सकाळी बगळ्याने बातमी आणली. माळावरून येताना त्याने पाहिले होते : टिटवीचे अंडे फुटले, पिलू कापसाच्या बोंडाएवढे आहे आणि खाली पायांच्या दोन काड्या आहेत. कासव तसेच निघाले. माळ तिथून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर होता, अर्थात कासवाच्या अर्ध्या दिवसाच्या. काठावर त्याला त्याचा शेजारी खेकडा भेटला, आणि आपण टिटवीच्या पिलाचे मामा झाल्याचे कासवाने त्याला अभिमानाने सांगितले. खेकड्याला दुसऱ्याच्या कामात खोट काढल्याशिवाय अन्न पचत नसे. त्याने कासवाला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि विचारले, "मामा म्हणवतोस आणि रिकाम्या हातांनी जातोस?"

कासव जागच्या जागी थांबले. रानात तशी रीतच होती, की कोणाचे बाळ पहिल्यांदा पाहायला जाताना रिकाम्या हातांनी जाऊ नये. खारीच्या पिलांना शेवरीचा कापूस आला होता. सशाच्या पिलांना दूर्वांच्या जुड्या आल्या होत्या. मामाने तर सगळ्यांनी नावाजावे असेच काहीतरी न्यायला हवे. हे आपल्या आधी लक्षात कसे आले नाही म्हणून कासवाला स्वतःचीच लाज वाटली. ते मागे फिरले.

पहिल्यांदा त्याने कमळाचे पान शोधले. छोटे नको, फाटके नको, किड्याने कुरतडलेले तर नकोच, असे करत पाच दिवसांनी एक मनासारखे पान मिळाले. पिलावर छान सावली होईल, असे म्हणत ते काठावर आले. खेकडा म्हणाला, "माळावरच्या उन्हात दुपारपर्यंत याचा पापड होईल." ते खरे होते. पाच दिवसांचे श्रम पाण्यात गेले.

मग त्याने गोगलगायीचा एक रिकामा शंख शोधला आणि त्यात दोन खडे घातले. शंख हलवला की खुळखुळे. हवे तसे खडे मिळायला दहा दिवस गेले. खेकड्याने तो नांगीत धरून वाजवून पाहिला आणि म्हणाला, "टिटवीच्या घरात आवाजाची काय कमी आहे, म्हणून तू आणखी नेतोस?" कासवाला तेही पटले. दुसरे कोणी असते तर खेकड्यालाच पाण्यात ढकलून देते आणि चालू लागते. पण आपले कासव विचारी होते ना.

याच दिवसांत बगळा पुन्हा त्या बाजूला आला. कासवाला पाहून त्याला नवल वाटले. पिलू तर माळभर पळते आहे, तू अजून इथेच कसा, असे त्याने विचारले. कासव मायेने म्हणाले, "पळू दे. लहान आहे अजून."

मुलांनो, कासवाची खरी चूक इथे झाली. कासवाच्या जातीत बाळपण दहा-बारा पावसाळे पुरते. पंधरा दिवसांचे पिलू म्हणजे त्याच्या लेखी नुकतेच जन्मलेले. टिटवीच्या पिलाचे दिवस त्याने आपल्या दिवसांच्या मापाने मोजले. बगळ्याने त्याला समजावले नाही, कारण एवढे तर सगळ्यांनाच माहीत असते असे बगळ्याला वाटले. खेकडा बोलला नाही, कारण त्याला भेटीत रस होता, पिलात नव्हता.

टिटवी आता डोहावर येत नसे. मुंगूस अजून माळावर फिरत होते, त्यामुळे पिलाला सोडून तिला लांब जाता येईना. ती माळावरच्याच एका डबक्यावर तहान भागवी. पण दर संध्याकाळी तिचा आवाज डोहापर्यंत येई. कासव मान उंच करून ऐके. बिचारीच्या मागे पुन्हा कोल्हा लागलेला दिसतो, असे मनाशी म्हणे. आणि त्या आवाजाने जीव कळवळला की आणखी नेटाने भेट शोधायला लागे. मनातल्या मनात त्याने त्या पिलाला किती वेळा पाहिले होते. टिटवी पंख उचलते आहे, पिलू आत शिरते आहे, पंख मिटतो आहे. त्यापुढचे त्याला दिसत नसे. पंखाच्या आत काय असते ते त्याला ठाऊक नव्हते.

आणखी तीन आठवड्यांनी डोहाच्या तळाशी त्याला एक गोटा सापडला. मटकीच्या रंगाचा, वर काळसर ठिपके, गुळगुळीत. हुबेहूब टिटवीच्या अंड्यासारखा. खेकड्याने तो तीनदा उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "बरा आहे." खेकड्याच्या तोंडून एवढे चांगले आजवर कोणी ऐकले नव्हते. कासवाने गोटा तोंडात धरला आणि ते निघाले. ओझ्यामुळे अर्ध्या दिवसाच्या वाटेला पुरा दिवस लागला. वाटेत कोणी विचारले तर त्याला बोलता येत नव्हते, पण त्याचे डोळेच सांगत होते की मामा भाच्याला पाहायला चालला आहे.

ते माळावर पोचले तेव्हा ऊन उतरले होते. टिटवी एका उंचशा दगडावर एकटीच उभी होती. कासवाने गोटा खाली ठेवला, धाप जिरू दिली आणि इकडेतिकडे पाहिले. मग विचारले, "कुठे आहे ग?"

टिटवीने नदीच्या पलीकडे पाहिले. "परवा उडालं, दादा."

कासवाला आधी ती थट्टा वाटली. मग तिचा चेहरा पाहून वाटेना. ते काहीतरी पुटपुटले, की इतक्यात कसे, अजून तर ते बाळ आहे. टिटवीने सांगितले की पाच आठवडे झाले, आणि टिटवीच्या पिलाला एवढेच दिवस लागतात. पहिल्या आठवड्यात ते सारखे पंखाखाली शिरायचे. मग मावेनासे झाले, पाय बाहेर राहायचे. मग फक्त भर दुपारच्या उन्हात यायचे. मग तेही थांबले. हे सगळे सांगताना तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर कासवाला सोपे गेले असते.

"रोज संध्याकाळी या दगडावरून हाका मारत होते तुला," ती म्हणाली.

"मला वाटलं, कोल्हा आला असेल."

टिटवी म्हणाली, "पिलू विचारायचं, मामा कसा दिसतो? मी सांगायचे, दगडासारखा दिसतो, पण मान बाहेर काढली की मामा. मग ते माळावरच्या एकेका दगडापाशी जाऊन उभं राहायचं. मान बाहेर येते का बघत."

कासवाने मान आत ओढून घेतली. कितीतरी वेळ तिथे नुसती एक पाठ पडून होती, आणि ती माळावरच्या इतर दगडांसारखीच दिसत होती. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, "मी त्याच्यासाठी भेट शोधत होतो."

काय आणलेस, असे टिटवीने विचारले. कासवाने पायाने गोटा पुढे सरकवला. तिने तो निरखून पाहिला आणि सुंदर आहे म्हणाली, अगदी मनापासून म्हणाली. कासवाने मग पहिल्यांदाच नीट भोवती पाहिले. माळभर तसेच गोटे पडले होते. मटकीच्या रंगाचे, काळसर ठिपक्यांचे, हजारो. ते तसे होते म्हणून तर टिटवीने अंडी घालायला ही जागा निवडली होती.

"मान बाहेर काढ, दादा," टिटवी म्हणाली.

त्याने काढली. ती दगडावरून उतरली, त्याच्या शेजारी पोट टेकून बसली आणि एक पंख उचलून तिने तो त्याच्या मानेवर पसरला. "असं घेते मी," ती म्हणाली. "एवढंच असतं."

पंखाखाली अंधार होता आणि ऊब होती. कासवाला तिच्या काळजाचे ठोके ऐकू येत होते. वाळूतून बाहेर आल्यापासून इतक्या वर्षांत त्याला कोणी असे घेतले नव्हते. आत काय असते ते त्याला कळले. पण तिथे एक कापसाच्या बोंडाएवढी जागा रिकामी होती, आणि तीही त्याला कळली. त्याच्या डोळ्यांतून पाणी आले. टिटवी नदीपलीकडे पाहत होती. ऊन पार जाईपर्यंत दोघे तसेच बसले.

निघताना कासवाने आपला गोटा एकदा पाहावा म्हणून मागे वळून पाहिले. एवढ्या गोट्यांत आपला कोणता होता, ते त्याला ओळखता आले नाही.

तात्पर्य : बाळपण आपल्या सवडीची वाट पाहत नाही, उशिरा पोचलेल्या उत्तम भेटीपेक्षा वेळेवर आलेला रिकाम्या हातांचा मामा बरा.