हिंगाची बिनवासाची पेटी

एका गावात एक रंगारी होता. त्याच्याकडे रंगांचे डबे वीस-पंचवीस होते, पण अस्तराचा डबा एकच. अस्तर म्हणजे रंगाच्या आधी भिंतीला देतात तो पहिला हात. हल्लीचे लोक त्याला प्रायमर म्हणतात. रंग सगळ्यांना दिसतो, अस्तर कुणालाच दिसत नाही, आणि रंग टिकतो तो मात्र अस्तराच्या जिवावर.

रंगाऱ्याचं अस्तर वडिलांनी शिकवलेलं होतं. खडूची पूड, सरस आणि पाणी, सगळं ठरल्या मापाने. ते बऱ्याच भिंतींना चालायचं, म्हणून रंगाऱ्याने मनाशी धरलं होतं की ते सगळ्याच भिंतींना चालतं. कुठे डाग वर आलाच तर तो म्हणायचा, "अजून एक हात मारू." त्याचं बघून गावातले बाकीचे रंगारीही तेच म्हणायचे.

त्या गावात बाजाराच्या तोंडाशी एका हिंगवाल्याचं घर होतं. हिंगवाला म्हातारा झाला, परगावी मुलाकडे राहायला गेला आणि घर एका पेढेवालीने घेतलं. तिला मागेपुढे कुणी नव्हतं. उभा जन्म दुसऱ्यांच्या भटारखान्यात कढया ढवळण्यात गेला होता. आता हातातल्या पाटल्या मोडून तिने ही जागा घेतली, कारण तिला स्वतःचं दुकान हवं होतं. रंगाऱ्याने घराला वडिलांचं अस्तर दिलं, वर मोतिया रंगाचे दोन हात दिले आणि घर उजळून निघालं.

आठव्या दिवशी भिंतीवर पिवळे डाग उमटले आणि डागांपाठोपाठ हिंगाचा वास आला. आता खव्यासारखा चोरटा पदार्थ दुसरा नाही. शेजारी जे असेल त्याचा वास तो मुकाट उचलतो. पेढेवालीने पहिले पेढे गावात वाटले आणि लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. एका आजोबांनी तर पेढ्याला फोडणी कशाची दिली म्हणून विचारलं.

पेढेवाली भांडली नाही. ती रंगाऱ्याला म्हणाली, "दादा, माझ्या हाताला चव आहे, ते मला ठाऊक आहे. पण माझा पेढा खाऊन लोकांना आमटी आठवते, त्याला मी काय करू?"

रंगाऱ्याने आणखी एक हात मारला. आठ दिवसांनी डाग पुन्हा हजर. त्याने अजून एक मारला, डाग पुन्हा आले. हिंगवाला तिकडे मुलाकडे जेवूनखाऊन ठणठणीत होता, तरी त्याचा आत्मा घरात अडकलाय असं गाव बोलू लागलं. तेवढ्यात एका तंबाखूच्या व्यापाऱ्याने ते घर वखारीसाठी मागितलं. तंबाखूला हिंगाचं वावडं नव्हतं. पेढेवालीने त्याला सांगितलं की पुढच्या पौर्णिमेला काय ते कळवीन. हो म्हटलं की तिला पुन्हा दुसऱ्याच्या चुलीपुढे जाऊन उभं राहायचं होतं.

रंगाऱ्याला हे कळलं तेव्हा त्याला फार वाईट वाटलं. आजवर त्याचा एखादा डाग उघडा पडला होता, पण त्याच्या कामापायी कुणाचं घर उठलं नव्हतं. तो दुपारचा हिंगवाल्याच्या घरी गेला. कुंचला नव्हता, डबा नव्हता. पहिल्यांदाच तो त्या घरात नुसता बसला.

बसल्या बसल्या त्याने भिंत हुंगली. वास होता. मग जमीन हुंगली, दार हुंगलं, खुंटी हुंगली. सगळीकडे वास होता. शेवटी तो ज्या लाकडी पेटीवर बसला होता ती हुंगली, तर तिला काहीच वास नव्हता. त्याने झाकण उघडलं मात्र, हिंगाचा असा भपकारा आला की त्याला लागोपाठ पाच शिंका आल्या. झाकण लावलं, वास गेला. उघडलं, आला. लावलं, गेला. पेढेवाली दारात उभी राहून हे बघत होती आणि याला आता वैद्याकडे न्यावं की काय, या विचारात पडली होती.

ती म्हणाली की हिंगवाला घरभर हिंग कांडायचा आणि मग सगळा ह्याच पेटीत ठेवायचा, जाताना पेटी इथेच सोडून गेला, आणि ती गल्लीच्या टोकाच्या म्हाताऱ्या सुताराने केलेली आहे.

रंगाऱ्याच्या डोक्यात किडा वळवळू लागला. अख्ख्या घराला वास, आणि ज्या पेटीत हिंग होता तीच बिनवासाची, हे कसं? सुताराला विचारणं सोपं होतं, पण या दोघांचं वीस वर्षं पटत नव्हतं. सुतार म्हणायचा की रंगारी नुसते झाकतात, आणि रंगारी म्हणायचा की सुतार झाकण्यासारखं करून ठेवतात. तो सुताराच्या गल्लीत दोनदा शिरला आणि दोनदा परत फिरला. तिसऱ्यांदा मात्र कुतूहलापुढे त्याचं काही चाललं नाही.

"नाना," तो म्हणाला, "त्या पेटीला बाहेरून काय लावलंय?"

सुताराने रंधा थांबवला. "लाख," तो म्हणाला. "स्पिरिटमध्ये विरघळवून सात हात दिलेत. आतला वास आत राहतो. पण भिंतीला लावून मी कधी पाहिलं नाही हो."

"मग पाहू या की," रंगारी म्हणाला. त्याला स्वतःच्याच बोलण्याचं नवल वाटलं, कारण आजवर त्याने फक्त 'मारू या' म्हटलं होतं.

हिंगवाल्याच्या घरात एका भिंतीत शेजारी शेजारी दोन कोनाडे होते. रंगाऱ्याने दोन्ही खरवडून काढले. एकाला वडिलांचं अस्तर दिलं, दुसऱ्याला लाखेचं, आणि दोन्हींवर सारखाच मोतिया रंग दिला. आठ दिवस गेल्यावर पेढेवालीने दोन्ही कोनाड्यांत ताज्या खव्याची एकेक वाटी ठेवून पुढे फळ्या लावल्या. दुसऱ्या दिवशी सुताराने डोळे मिटून खवा चाखला. पहिल्या वाटीला त्याने तोंड वाकडं केलं. दुसरी वाटी तो बोलता बोलता संपवून बसला.

रंगाऱ्याला आभाळ ठेंगणं झालं. त्याने अख्खं घर खरवडलं आणि लाखेने सारवून काढल्यासारखं केलं, दारं, खुंट्या, जमीन, पुढची भिंत, मधली भिंत, आणि त्याच ओघात विहिरीकडची मागची भिंतही. भिंतींवर रंग चढला. वास गेला, डाग गेले. पेढेवाली बऱ्याच दिवसांनी गुणगुणताना दिसली.

पौर्णिमेला दोन दिवस उरले असताना रंगारी सहज मागच्या खोलीत गेला. पाहतो तो विहिरीकडच्या भिंतीला पापडासारखे फोड आलेले. बाकीच्या भिंती लख्ख होत्या. लाख तीच, हात तोच, मग हीच भिंत का रुसली? त्याने एक फोड नखाने फोडला तर आतून पाणी ओघळलं. त्याने तेवढाच तुकडा खरवडून कोरडा पुसला, पेढेवालीची पितळी ताटली मागून घेतली आणि तिच्या काठाला कणीक लावून ती भिंतीवर पालथी चिकटवली. दुसऱ्या दिवशी काढून पाहिली, तर ताटलीच्या आत थेंब जमले होते. पाणी बाहेरून येत नव्हतं, भिंतीच्या पोटात होतं. लाखेने हिंगाचा वास अडवला तसं हे पाणीही अडवलं होतं, आणि अडलेलं पाणी लाखेलाच उचलून टाकत होतं. एका डब्याचा हट्ट सोडून आपण दुसऱ्या डब्याचा धरला, हे त्याला तिथेच कळलं.

पौर्णिमा दुसऱ्या दिवशी होती. फोड दाबून वर एक हात मारला असता तर महिनाभर कुणाला पत्ता लागला नसता. तोवर व्यापाऱ्याला नकार गेला असता, आणि रंगाऱ्याचं नाव झालं असतं. डबा हाताशीच होता, हातही सवयीने तिकडे गेला. पण त्याने कुंचला खाली ठेवला आणि पेढेवालीला बोलावून भिंत दाखवली.

"ताई, इथे मी चुकलो," तो म्हणाला. "भिंतीला न विचारता लाख लावली. ही ओली आहे. सगळं काढून तिला वाळू द्यावी लागेल, आणि मग नुसता चुना, म्हणजे ती श्वास घेईल. दोन महिने ही खोली वापरता येणार नाही. व्यापाऱ्याला काय सांगायचं ते हे धरून ठरवा."

पेढेवालीने फोडांकडे पाहिलं, ताटलीतल्या थेंबांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"तुम्ही तीन वेळा घर रंगवलंत, तेव्हा मला घराची धास्ती वाटली," ती म्हणाली. "आज नाही वाटत. आता काही झालं तर तुम्ही सांगाल."

दुसऱ्या दिवशी तिने व्यापाऱ्याला नाही म्हणून कळवलं. मागची खोली दोन महिने उघडी वाळत राहिली, आणि दुकान पुढच्या खोलीत सुरू झालं. पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत पेढे संपले. फोडणीवाले आजोबा दोनदा येऊन गेले.

पुढे रंगाऱ्याकडे अस्तराचे डबे चार झाले. धुराच्या आणि वासाच्या भिंतीला लाख, ओलीला चुना, गंजक्या लोखंडाला काय ते लोहाराला विचारून केलेलं. चौथा डबा वडिलांचा. तो त्याने टाकला नाही. कोरड्या, साध्या भिंतीला त्याच्यासारखं दुसरं काही नव्हतं. बाकीचे रंगारी त्याच्याकडे शिकायला येऊ लागले. तो त्यांना आधी डबे दाखवत नसे. हिंगवाल्याच्या पेटीपाशी नेऊन बसवायचा आणि म्हणायचा, "हुंगा. मग सांगा काय विचारावंसं वाटतं."

तात्पर्य: डागावर हात फिरवण्याआधी तो कशाचा आहे ते विचारावं. आणि विचारूनही चुकलं, तर झाकू नये, सांगावं.