पट्टा, गाठ, कडी

"ताई, बाकी सगळ्यांच्या कागदावर सही झाली. माझ्यात नेमकं काय कमी आहे?"

हेरंबने हे विचारलं तेव्हा मी कातळाच्या पायथ्याशी दोर गुंडाळत बसलो होतो.  इंदूताई बूट बांधत होत्या.

"तिसरं वर्ष आहे माझं..."

ताईंनी दुसरा बूट हातात घेतला.

आमचा बारा दिवसांचा प्रशिक्षकांचा वर्ग त्या दिवशी संपत होता. मुलांना डोंगरात न्यायचं, कातळावर चढवायचं, दोरावरून खाली सोडायचं, तर आधी हा वर्ग करावा लागतो, आणि शेवटी कागदावर ताईंची सही लागते. सही नसेल तर शिबिरात या, तंबू ठोका, चहा करा. मुलाचा दोर मात्र हातात घ्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला एका शाळेची बस येणार होती. सगळी पाचवीची मुलं.

इंदूताई अडुसष्ट वर्षांच्या. भोरच्या पुढच्या या कातळावर त्या चाळीस वर्षं शिकवत होत्या आणि त्या मानाने फारच कमी बोलत होत्या. हेरंब आमच्यातला सर्वांत चांगला चढणारा. हे मला आवडत नाही, पण खरं आहे. डोळे मिटून गाठी मारायचा. या कामासाठी त्याने पुण्यातली बरी नोकरी सोडली होती, आणि ताईंनी त्याला दोन वर्षं सहीशिवाय परत पाठवलं होतं. यंदाही नाही जमलं तर गुपचूप नोकरी शोधेन, असं वडिलांना कबूल करून तो आला होता. सकाळी पोह्यांची बशी त्याने तशीच परत ठेवली. 

ताईंचा एक नियम इथे सांगायला हवा. कुणीही कडेपाशी जाण्याआधी दुसऱ्याने त्याचा तपास करायचा. कमरेचा पट्टा, दोराची गाठ, ती अडकवायची कडी. नुसतं बघायचं नाही. एकेका वस्तूला हात लावायचा आणि मोठ्याने नाव घ्यायचं. पट्टा, गाठ, कडी. बारा दिवस आम्ही हे इतक्यांदा म्हटलं की भाजी वाढून घेतानाही कुणीतरी म्हणायचं.

हेरंबला याचा वीट यायचा. चौथ्या दिवशी मी त्याच्या पट्ट्याला हात लावला तर त्याने माझा हात झटकला. "दिसतंय की नीट," म्हणाला. ताई लांब उभ्या होत्या. त्यांनी पाहिलं होतं.

बूट बांधून झाल्यावर त्या उठल्या.

"चल वर. मी उतरते, दोर तू धर."

मलाही त्यांनी हाताने खूण केली. आम्ही तिघे मागच्या वाटेने वर गेलो.

वर वारा होता. कडेपासून खाली साठेक फूट. हेरंबने स्वतःला कातळातल्या खिळ्याला बांधून घेतलं, दोर लावला, दोनदा ओढून पाहिला. त्याच्या कामात नाव ठेवायला जागा नव्हती. ताईंनी उन्हाने विटलेला आपला जुना पट्टा कमरेला चढवला, गाठ मारली, कडी अडकवली. मग हात किंचित बाजूला धरून उभ्या राहिल्या.

आता खरं सांगतो. त्या बारा दिवसांत ताईंच्या पट्ट्याला कुणीच हात लावला नव्हता. अडुसष्ट वर्षांची बाई, त्यातून आमची गुरू. तिच्या कमरेशी कोण झटणार? त्यांची पाळी आली की आम्ही चार पावलांवरून मान डोलवायचो आणि "हो ताई" म्हणायचो. मीही दोनदा म्हटलं होतं.

"तपास केलास?"

"हो, ताई."

ताईंनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं... आणि दरीकडे पाठ करून टाचा कडेवर टेकवल्या.

मला काहीच दिसलं नव्हतं. मला दिसला तो हेरंबचा चेहरा. तो ताईंच्या कमरेकडे पाहत होता आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

त्याला काय वाटत होतं ते त्याने मला नंतर सांगितलं. पट्ट्याचं टोक जरा जास्तच लोंबतंय असा संशय आला. नुसता संशय. पन्नास वर्षं स्वयंपाक केलेल्या बाईला मीठ घातलंत का म्हणून विचारायचं कसं? आणि आपलीच चूक निघाली तर, आज, सहीच्या दिवशी? शिवाय आत्ताच "हो" म्हणून बसलो होतो. आता थांबा म्हणायचं म्हणजे खोटं बोललो हे कबूल करायचं.

ताई मागे झुकल्या. दोर ताठ होऊ लागला...

"थांबा." त्याने दोर आवळून धरला. "ताई, थांबा. मी तपासलं नाहीये. खोटं बोललो मी."

त्याचा उजवा हात दोरावरून सुटला नाही, एवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं. डाव्या हाताने त्याने ताईंचा दंड धरला आणि त्यांना आत ओढलं. हिसकलंच म्हणा ना.

मग गुडघ्यांवर बसून त्याने पट्ट्याला हात लावला.

पट्टा बकलमधून एकदा ओवला की उलटा वळवून पुन्हा ओवायचा असतो. तसं केलं नाही तर वजन पडताच तो सुटतो. ताईंचा पट्टा एकदाच ओवलेला होता. हेरंबने तो जरासा ओढला... आणि तो सरळ त्याच्या हातात आला.

मी खाली बसलो.  साठ फूट खाली मी मघाशी बसलो होतो तो दगड दिसत होता आणि मला तिकडे बघवेना.

हेरंबने पट्टा पुन्हा ओवला, उलटा वळवला, घट्ट केला.  प्रत्येक वस्तूवर हात ठेवून तो म्हणाला, पट्टा. गाठ. कडी. मग पुन्हा पहिल्यापासून म्हणाला. ताई हात बाजूला धरून उभ्या होत्या, शाळेत गणवेश तपासून घेणाऱ्या मुलीसारख्या.



मग हेरंबला हसू आलं. आधी ओठांवर, मग सगळ्या चेहऱ्यावर. मलाही उलगडा झाला आणि माझा जीव भांड्यात पडला. ताईच त्या. असले हेरंब त्यांनी चाळीस वर्षांत किती पाहिले असतील. मला त्यांचा रागही आला, आणि त्यांच्या पाया पडावं असंही वाटलं.

"मुद्दाम तसा ठेवला होतात ना?" हेरंब म्हणाला. "परीक्षा होती ही माझी."

ताई कडेपासून लांब येऊन खाली बसल्या. खिशातून घडी केलेला कागद काढून त्यांनी मांडीवर उलगडला आणि सही केली. सहीला फार वेळ लागला. पेन त्यांच्या हातात ठरत नव्हतं.

कागद त्यांनी त्याच्यापुढे धरला.

"नाही रे... मी विसरले होते."