दसऱ्यापुरती गाडी

जुनी पण जवळजवळ न वापरलेली, वाऱ्यासारखी पळणारी गाडी शोधता शोधता शर्वरी टोणगावकर मेटाकुटीला आली होती. जो तो म्हणे, "मॅडम, डॉक्टरांची गाडी आहे, फक्त दवाखान्यापर्यंत जायची." आणि बॉनेट उघडलं की आत उंदराचं घरटं!

शेवटी सांगलीत आबासाहेब इंगवल्यांच्या बंगल्यात तिला हवी तशी गाडी दिसली. लाल, दोन दारांची, पंचवीस वर्षांपूर्वीची, पण आरशासारखी लखलखीत.

"दर रविवारी जागेवरच इंजिन सुरू करतो," आबासाहेब मिशीवरून बोट फिरवत म्हणाले. "दसऱ्याला हळदकुंकू, झेंडूचा हार, बस्स. रस्ता म्हणून दाखवलेला नाही तिला. म्हणून तर किंमत नव्या गाडीची सांगतोय."

"एक फेरी मारून बघते. किल्ली देता?"

"फेरी?" आबासाहेब कडाडले. "चाक रस्त्याला लागलं की गाडी वापरलेली झाली! मग तिला कोण विचारणार? आमची गाडी डोळ्यांनी बघून घ्यायची."

शर्वरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तिने गुपचूप चेकबुक काढलं, त्यांनी सांगितलेला आकडा लिहिला, सही ठोकली आणि चेक त्यांच्यापुढे धरला.

"हा घ्या. फक्त बँकेत टाकायचा नाही हं. टाकला की तोही वापरलेला झाला. देवघरात ठेवा आणि दर दसऱ्याला हार घाला."

आबासाहेबांचं बोट मिशीवरच थांबलं. आतून त्यांच्या पत्नीचं हसू ऐकू आलं. खाकरत त्यांनी खिशातून किल्ली काढली.

शर्वरीने किल्ली घेतली आणि चेक परत पर्समध्ये टाकला. "येते फेरी मारून. मग ठरवू, हा बँकेत जायचा की देवघरात."