माहेराहून आलेली थीम

मिरजेची केतकी ऑनलाइन दुकानात भाजणी-मेतकूट विकायची. दुकानाचं रंगरूप, म्हणजे थीम, तिनं रीतसर परवान्यासह विकत घेतलेली. पुढं तिचं लग्न झालं, नवऱ्यानं तांदळात नवं नाव लिहिलं आणि केतकीची मृदुला झाली. दुकानावरही तिनं नवंच नाव घातलं.

झालं! ऐन दिवाळीच्या तोंडावर थीमवाले दिघेसाहेब गरजले, "परवाना केतकीचा. मृदुला कोण? दुसरी थीम घ्या, नाहीतर दुकान बंद!"

मृदुला थेट त्यांच्या घरी गेली. साहेबांच्या बायकोनं चहा आणला, तशी तिनं विचारलं, "वहिनी, लग्नात तुमचंही नाव बदललं का हो?"

"तर! माहेरची मी उषा. यांनी राजलक्ष्मी केलं. माहेरच्या या पाटल्या तेवढ्या राहिल्या."

मृदुला साहेबांकडं वळली. "मग उषाला आईनं घातलेल्या पाटल्या राजलक्ष्मीच्या हातात कशा? माहेरी परत नाही धाडल्यात?"

साहेब उसळले, "परत कशाला? बाई तीच आहे ना!"

"तेच म्हणते मी. माझीही थीम माहेराहूनच आलीय."

वहिनी खळखळून हसल्या. "अहो, परवान्यावर नाव बदलून द्या मुकाट्यानं. नाहीतर उषा निघाली पाटल्या घेऊन माहेरी!"

साहेबांनी चहा निवायच्या आत नाव बदललं. त्या दिवाळीत त्यांच्या घरीही मृदुलाच्याच भाजणीची चकली झाली, आणि म्हणे, छान खुसखुशीत झाली.